किरमिजी संघाबद्दल मी सईला जे सांगितलं

हे मी इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. अनघाला — म्हणजे माझ्या बायकोला — नाही, सख्ख्या भावाला नाही, आणि ज्यांचं यात नुकसान झालं त्यांना तर नाहीच नाही. तसा मी बोलघेवडा माणूस. इथं अमेरिकेत, श्रूजबरीतल्या कुठल्याही मराठी घरी मला जेवायला बोलावलं की करमणुकीची वेगळी सोय करावी लागत नाही. पण ही एक गोष्ट निघायची वेळ आली की मी पाणी प्यायला म्हणून उठायचो. आता तुम्हाला सांगायला बसलोच आहे, तर सगळं सांगतो. मध्येच भरकटलो तर समजा, की मुद्दा जवळ आला आहे. माझी ती जुनी खोड आहे.

मी मिलिंद. सांगलीहून मिडवेस्टातल्या एका विद्यापीठात एम. एस. करायला आलो. विद्यापीठाचं नाव सांगत नाही — दोष माझा आहे, त्यांचा नव्हे. आमचा रंग निळा, एवढं पुरे. शेजारच्या राज्यात दुसरं विद्यापीठ, त्यांचा रंग किरमिजी. दोघांचं वैर इतकं जुनं, की ते कशावरून सुरू झालं हे कुणालाच सांगता येत नाही. भाऊबंदकीचं होतं तसं. अमेरिकेत कॉलेजचे संघ म्हणजे काय प्रकरण असतं, हे इथं न राहिलेल्या माणसाला सांगून पटत नाही. शिक्षण संपून केस पिकले तरी माणसं त्या रंगाची टोपी घालून फिरतात. मी त्यांतलाच. आमच्या गॅरेजवर निळा झेंडा आहे. घराच्या वास्तुशांतीला मी निळं उपरणं घेतलं होतं, आणि ते काही योगायोगानं नव्हतं. किरमिजी रंगाची साडी अनघानं एकदा आणली, तर मी ती परत करायला लावली. हसा, हसण्यासारखंच आहे.

आता खरं ऐका. मला तो किरमिजी संघ आवडायचा.

हे एवढ्यावरच थांबलं असतं तर कबुली कसली? गंमत म्हणून सांगून टाकली असती. पण थांबलं नाही.

पहिल्या हिवाळ्यात मला मुलींच्या व्हॉलीबॉलचं वेड लागलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. वेड नंतर लागलं. आधी कारण एवढंच, की जिम गरम असायचं. आम्ही चौघं एका अपार्टमेंटात राहायचो आणि बिल कमी यावं म्हणून हीटर इतका खाली ठेवायचो, की कणीक मळताना बोटं बधिर व्हायची. फुटबॉलचं तिकीट परवडायचं नाही. मुलींच्या व्हॉलीबॉलला विद्यार्थ्यांना फुकट. मी स्वतः शाळेत व्हॉलीबॉल खेळलो होतो — म्हणजे चेंडू ओढ्यात गेला की आणून द्यायचो. तर संध्याकाळी जिममध्ये जाऊन बसायचं, जॅकेट काढायचं, आणि सगळे ओरडले की आपणही ओरडायचं. तिथं माझं नाव कुणाला माहीत नव्हतं. शेजारी बसणारी माणसं दर वेळी तीच, पण कुणी कधी विचारलं नाही. फक्त आमचा पॉइंट झाला की ती माझ्या हातावर टाळी द्यायची. अख्ख्या दिवसात मला माणसाचा हात लागायचा तो तेवढाच. त्या टाळीसाठी मी जायचो, असं म्हटलं तरी चालेल.

मग एके दिवशी किरमिजी संघ आला. आम्ही हुर्यो केली, रीतच होती. मीही घसा बसेपर्यंत केली. त्यांची कोच उंच, एका पायानं किंचित लंगडत चालणारी बाई. मॅच रंगात आली असताना त्यांच्या एका मुलीनं लागोपाठ दोन सोपे चेंडू सोडले. कोचनं तिला बाहेर घेतलं. आमच्याकडं अशी मुलगी मान खाली घालून बाकावर जाऊन बसायची, विषय संपला. ही बाई काय करते? कोर्टाकडे चक्क पाठ करून त्या मुलीसमोर उभी राहते आणि तिच्याशी बोलते. सावकाश, जणू दोघी भाजी निवडायला बसल्या आहेत. मागं तिकडं पॉइंट जातायत, लोक बोंबलतायत, आणि ही वळूनसुद्धा बघत नाही. आमचे लोक हसले. मी नाही हसलो. मला त्या मुलीचा चेहरा दिसत होता. ती थोड्या वेळानं परत कोर्टावर गेली आणि चांगली खेळली.

आणखी एक होती — त्यांची लिबेरो. व्हॉलीबॉलमध्ये लिबेरो म्हणजे मागच्या फळीत राहून फक्त बचाव करणारी खेळाडू. तिचा शर्ट बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो. स्मॅश मारायचा नाही, नेटपाशी उडी घ्यायची नाही. जमिनीला लागू पाहणारा चेंडू लोळण घेऊन उचलायचा, एवढंच काम. ही पोरगी जेमतेम आपल्याकडच्या मुलींएवढी. बाकीच्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती. पहिल्याच वर्षाला होती, असं मला शेजारच्यानं सांगितलं. आमच्या सहा-सहा फुटी पोरींनी मारलेले स्मॅश तिनं असे उचलले, की शेवटी शेवटी आमचेच लोक टाळ्या वाजवायला लागले. आम्ही हरलो. मी बर्फातून चालत घरी आलो आणि रूममेट्सना त्या किरमिजी बायांना शिव्या देऊन दाखवल्या. पोटात एक आणि ओठांत एक — सुरुवात ही अशी झाली.

पुढं नोकरी लागली, मॅसॅच्युसेट्सला आलो, लग्न झालं. निळा झेंडा लागला. आणि मी किरमिजी संघाच्या मॅचेस लॅपटॉपवर चोरून बघायला लागलो. आवाज बंद करून, दुसरी खिडकी उघडी ठेवून. अनघा आली की इकडं एक्सेलचा तक्ता. मधुमेहाचा माणूस फ्रिजच्या दाराआड उभा राहून श्रीखंड खातो ना, तसं. वर्षानुवर्षं बघितलं. ती लंगडणारी कोच म्हातारी होत गेली, पण पाठ करून उभं राहणं सोडलं नाही. त्यांच्याकडं बुटक्या मुली येत, पहिल्या वर्षापासून खेळत, आणि चार वर्षांत कायच्या काय होऊन बाहेर पडत. आमच्या संघाबद्दल मला जेवढं माहीत होतं, त्याहून जास्त त्यांच्याबद्दल माहीत होतं. हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं, असं म्हणायला मला जागा नाही.

आता सई.

प्रसाद आणि मेधा नागपूरचे. आम्ही श्रूजबरीत आलो त्याच सुमाराला तेही आले आणि दोन घरांचं एक घर झालं, दर शनिवारचं जेवण एकत्र. आम्हाला मूल नाही. त्यांची सई आमच्याच कार्पेटवर रांगायला शिकली. ती शाळेत व्हॉलीबॉल खेळायला लागली, तेव्हा प्रसादला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मेधाची काळजी वेगळीच, गुडघे काळे पडतील आणि पुढं लग्नात फोटो काढताना काय? मॅचला घेऊन जायचं, नियम समजावायचे, ओरडायचं, हे सगळं मिलिंदकाकाकडं. मी आयुष्यात कधी संघातून खेळलो नाही, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात माझा हात कुणी धरला नसता. सई ठेंगणी. तिच्या उंचीवरून शाळेत चिडवायचे. म्हणून ती लिबेरो झाली, आणि झाली ती अशी झाली की बघत राहावं. जमिनीवर पडायला ती घाबरायचीच नाही.

अकरावीत तिला दोन कॉलेजांकडून विचारणा आली. एक निळं. दुसरं कोणतं, ते तुम्ही ओळखलं असेल.

आपल्या लोकांची एक रीत आहे. मुलाच्या शिक्षणाचं ठरवताना आपण शाळेच्या समुपदेशकाचं ऐकून घेतो, इंटरनेट वाचतो, कॉलेज बघून येतो — आणि मग शेवटी एका काकाला विचारतो. जो तिथं शिकलाय, ज्याला ‘आतलं’ माहीत आहे असा काका. त्याचा शब्द शेवटचा. प्रसादनं सईला तेच सांगितलं, काकांना विचार. दिवाळी होती, त्यांच्या घरी फराळाला आम्ही गेलो होतो. मी चकली खात होतो. सई समोर येऊन बसली.

“काका, सीरियसली सांगा ना,” ती म्हणाली. “आय रिअली लाइक्ड देअर कोच. बट तुम्ही सगळं फॉलो करता. कुठे जाऊ?”

दोन्ही जागा कशा आहेत, हे मला माहीत होतं. आमच्याकडं आधीच दोन चांगल्या लिबेरो होत्या, दोघींची बरीच वर्षं बाकी होती. सईला कोर्टावर यायला मिळणार नव्हतं. तिकडं सई शाळा संपवणार त्याच वर्षी त्यांची लिबेरो शिकून बाहेर पडत होती. जागा रिकामी होती. जागा जणू तिच्या मापाची होती! हे त्या घरात फक्त मला कळत होतं.

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. “तिकडं जाऊ नकोस. ती बाई नवीन मुलींना दोन-दोन वर्षं कोर्टावर पाय ठेवू देत नाही. आणि तुझ्या उंचीच्या मुली ते नुसती संख्या भरायला घेतात.”

उंचीचं बोलायची गरज होती का? पहिलं वाक्य पुरलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर अजून ‘आय रिअली लाइक्ड’ दिसत होतं, ते मला पुसायचं होतं. आणि कुठं बोट ठेवलं की तिला लागतं, हे लहानपणापासून बघत आलेल्या काकाला माहीत असणारच. सईनं मान हलवली. प्रसाद म्हणाला, “काका म्हणतो म्हणजे विषयच संपला यार.” मेधानं मला आणखी एक चकली वाढली. मी ती खाल्ली.

का बोललो? निष्ठा म्हणून, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. निळ्या घरातली पोर किरमिजी शर्ट कशी घालेल? छान वाटतं ऐकायला. पण निष्ठावंत माणूस चोरून दुसऱ्यांच्या मॅचेस बघत नाही. खरं कारण याहून लहान आहे. मला त्या जिममध्ये परत जायचं होतं. ज्या बाकांवर माझं नाव कुणाला माहीत नव्हतं, तिथं बसून कोर्टाकडं बोट दाखवायचं होतं — ती, ती बघा, ती आमची. शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर थाप मारावी, एवढ्यासाठी. एका सतरा वर्षांच्या मुलीची चार वर्षं मी त्या थापेवर लावली.

सईनं किरमिजी कोचला नाही म्हणून कळवलं. ती निळ्या कॉलेजात जाणार हे नक्की झालं, तेव्हा पेढे मी वाटले.

पुढचं लवकर सांगतो, कारण सांगताना मला त्रास होतो. ती बाकावर बसली. पहिलं वर्ष बसली, दुसरं बसली. मी विमानानं मॅच बघायला गेलो. त्याच जिममध्ये. शेजारच्यांना बोट करून दाखवलीही — ती आमची. “ती बसलेली?” एकानं विचारलं, वाईट हेतूनं नव्हे. सई टाळ्या वाजवत होती. इतरांच्या प्रत्येक पॉइंटला उठून टाळ्या. संपल्यावर ती मला भेटायला आली तेव्हा तिच्या शर्टाला घामाचा थेंब नव्हता. आम्ही जेवायला गेलो, मी मेनू जोरजोरात वाचत राहिलो.

सई कॉलेजात गेली त्याच वर्षी किरमिजी संघात एक नवी लिबेरो आली होती. ठेंगणी. पहिल्या मॅचपासून खेळली. मी तिची एकूण एक मॅच बघितली, आवाज बंद करून. का बघितली? शिक्षा म्हणून म्हणावं, तर मला खेळ आवडत होता. तेही खरंच आहे.

मग एका दुपारी सईचा फोन आला. रडत नव्हती; रडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे विचारत होती, “काका, मला सांगा, माझं काय चुकतंय?” मी तिला सांगू शकलो असतो. चार वाक्यं होती. तेव्हा अजून वेळ होती, इथं मुली मधूनच कॉलेज बदलतात, दुसऱ्या संघात जातात, त्याचे नियम आहेत. मी काय केलं? तिला धीर धरण्यावर व्याख्यान दिलं. मेहनत, चिकाटी, संधी. तिनं शेवटी ‘थँक्यू काका’ म्हटलं.

खोटं मी फराळाच्या टेबलावर बोललो, ते एका दमात बोलून गेलो. फोनवरचं तसं नव्हतं. तिथं मला विचार करायला वेळ होता, आणि विचार करून मी ठरवलं, की चूक तिची आहे असंच तिला वाटू दे. माझा खरा गुन्हा तो.

तिसऱ्या वर्षी तिनं खेळ सोडला. पदवी नीट घेतली. घरी परत आली तेव्हा कप्प्यात निळे शर्ट घडी घालून ठेवले आणि त्याबद्दल बोलली नाही. आणि प्रसाद — हे सांगायचं मी टाळत होतो — प्रसाद एकदा माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाला, “तू होतास म्हणून बरं. तिकडं गेली असती तर आणखीच हाल झाले असते.” माझे आभार मानले त्यानं. मी म्हणालो, “अरे, त्यात काय.”

यानंतर सगळं तसंच राहिलं असतं. पण सई माझ्यासारखी नव्हती, बसून राहणारी नव्हती. वूस्टरजवळच्या एका शाळेत ती शिकवायला लागली आणि मुलींच्या संघाची कोच झाली. तो संघ कधी जिंकायचा नाही. तिनं दोन वर्षांत त्या मुलींना जमिनीवर पडायला शिकवलं. मी बघायला जायचो, मागच्या रांगेत बसायचो. सई ओरडायची, हसायची, तिचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमायचा. तिला असं हसताना मी बऱ्याच वर्षांनी बघत होतो. मला हायसं वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटायची.

या वर्षी वसंतात एका स्पर्धेत कॉलेजांचे कोच मुली निवडायला आले होते. त्यांत ती लंगडणारी बाईही होती, आता केस पूर्ण पांढरे. सईच्या संघातली एक मुलगी बघायला आली होती. मुलगी बघितली, आणि मग सईपाशी येऊन म्हणाली, तू मला नाही म्हणाली होतीस, आठवतंय मला. मग दोघी बराच वेळ बोलल्या. आठवड्याभरानं त्या बाईनं सईला फोन केला — मदतनीस कोच म्हणून येशील का?

सईनं हे मला फोनवर सांगितलं. आईबाबांच्या आधी मला. “काका, शी रिमेंबर्ड मी!” आनंदानं तिचा आवाज फाटत होता. “त्यांनी ती स्पॉट माझ्यासाठी ठेवली होती. मीच मूर्ख. आय गॉट स्केअर्ड, यू नो? तेव्हा मीच घाबरले.”

मी अंगणात उभा होतो, हातात पाण्याचा पाइप. ती घाबरली नव्हती हो. आयुष्यात घाबरली नव्हती. मी तिला घाबरवलं होतं, आणि आता ते भयसुद्धा तिनं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. किती घ्यावं एका मुलीनं?

“सई,” मी म्हणालो, “तू घाबरली नव्हतीस. मी खोटं बोललो होतो.”

मग सगळं सांगितलं. जागा रिकामी होती ते. आमच्याकडं दोघी होत्या ते. उंचीचं मुद्दाम बोललो ते. फोन केलास तेव्हाही मला माहीत होतं, तेही. “तुझं काही चुकलं नव्हतं,” हे वाक्य मी इतक्या वर्षांनी बोललो आणि ते अगदी साधं निघालं. पाइपाचं पाणी माझ्या बुटांवर पडत होतं, ते मला नंतर कळलं.

ती म्हणाली, “बाबांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार.” आणि फोन ठेवला.

अनघाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, “आणि मी तुझ्यासाठी साडी परत केली.” ती साडीबद्दल बोलत नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळलं. दोन दिवस आमच्या घरात फक्त भांडी वाजत होती.

शनिवारी प्रसादकडं गेलो. तो मागच्या अंगणात टोमॅटोची रोपं लावत होता. मी उभ्या उभ्या सांगितलं, बसलो नाही. त्यानं हातातलं रोप लावलं, माती दाबली, पुढचं घेतलं. मला वाटलं, ओरडेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. तो फक्त म्हणाला, “जा तू आता.” मी निघालो. फाटकापाशी मेधा भेटली, हसून म्हणाली, “काय हो भाऊजी, चहा न घेता?” तिला अजून माहीत नव्हतं.

त्यानंतर शनिवार बंद झाले. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात प्रसाद दिसला तर लांबून दिसायचा, आणि मी जवळ गेलो नाही. माझ्या जाण्यानं त्याला काही मिळणार नव्हतं. जुलैत सई तिकडं गेली. जाण्याआधी आमच्याकडं आली नाही. तिनं जावं, एवढंच मला हवं होतं, आणि ती गेली. अनघा म्हणाली, गाडी स्वतः चालवत गेली, मागं सामानावर गादी बांधून.

ऑगस्ट संपताना किरमिजी संघाची पहिली मॅच होती. मी लॅपटॉप काढला नाही. दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीवर लावली, आवाजासकट. अनघा येऊन बसली, भाजी निवडायला घेऊन. खेळाडू कोर्टावर येत होत्या, त्यांच्या मागून कोच, आणि कोचच्या बाजूला किरमिजी जॅकेट घातलेली सई. सगळ्यांत ठेंगणी. एका उंच मुलीला काहीतरी दाखवत होती, गुडघे वाकवून, हात जमिनीपाशी नेऊन. मुलगी हसली. सईही हसली. कॅमेरा पुढं गेला. मला तिचा तो रंग इतका शोभून दिसला, की मी तसं मोठ्यानं म्हणालो. अनघानं भाजीतून मान वर केली नाही, पण म्हणाली, “दिसतोच आहे.”

मधली वर्षं मी घेतली. ती आता तिला देता येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तिनं स्वतःच पुढची मिळवली.

पहिली सर्व्ह व्हायच्या आत माझा फोन वाजला. प्रसादचा मेसेज. वसंतानंतरचा पहिला. नमस्कार नाही, नाव नाही, एवढंच: मॅच कुठं दिसते?

मी लिंक पाठवली. दुसरं काही लिहिलं नाही. थोड्या वेळानं त्या मेसेजखाली खूण उमटली, त्यानं तो बघितला होता. मग मी फोन पालथा ठेवला, कारण सईच्या मुली सर्व्ह घेत होत्या.